लेटन्सीमॉन: आयआरक्यू शेअरिंगवरचा आळ खरा की खोटा, ते तपासून बघा

रेकॉर्डिंग चालू असताना मधेच टक् टक् येतं. वर्कशॉपातल्या सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवताना अर्ध्यात अलार्म पडतो. नाहीतर काही कारण नसताना माऊस अडखळतो. मग कुणीतरी डिव्हाइस मॅनेजर उघडतं, आयआरक्यू १६ वर (आयआरक्यू म्हणजे उपकरणानं प्रोसेसरला हाक मारायची लाईन, त्या हाकेला म्हणतात इंटरप्ट) साउंड, ग्राफिक्स आणि यूएसबी असे तिघे एकत्र बसलेले दिसतात आणि निकाल लागतो: "आयआरक्यू शेअर व्हायलाय ओ, म्हणून मशीन अडकायलंय." पुढं फॉरमॅट, नवा रॅम, नवीन बोर्ड. पैसे जातात, टक् टक् तशीच राहते.

हा आळ खरा की खोटा हे घरच्या घरी तपासायला विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे. रेस्प्लेंडन्स या कंपनीचं. घरगुती वापराला फुकट, धंद्याच्या मशीनवर वापरायचं तर प्रो परवाना घ्यावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेतली वर्कशॉपं, शहापूर-वडगावातले डीटीपीवाले, भजनाच्या सीडीपासून यूट्यूबपर्यंत आलेले छोटे स्टुडिओ, या तिन्ही प्रकारच्या कामांच्या अंगानं ते कितपत उपयोगी पडतं, ते इथं बघू. आधीच सांगून टाकतो: सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते आयआरक्यूची लाईन कुणाकुणात वाटलीय हे सांगतच नाही. ते सांगतं प्रोसेसरला कुणी अडवून धरलंय ते. आणि बहुतेक वेळा खरा प्रश्न तोच असतो.

ही भीती आली कुठून तेही थोडं बघू. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये इंटरप्ट सांभाळणाऱ्या दोन ८२५९ चिपा जोडून १६ लाईनी मिळायच्या. त्यातली एक दोन्ही चिपा जोडण्यातच जायची, उरल्या १५. टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्डडिस्क यांना वाटल्यावर साउंड कार्डाला ५ किंवा ७, प्रिंटर पोर्टाला ७, अशी ओढाताण. आयएसए या त्या वेळच्या स्लॉटमध्ये इंटरप्ट सिग्नल बदलण्याच्या क्षणावर ओळखला जायचा, त्यामुळं दोन कार्डं एका लाईनवर आली की एकाचा इशारा दुसऱ्याखाली दबून हरवायचा आणि मशीन खरंच लटकायचं. त्या काळात जम्पर बदलून मशीन बसवणाऱ्यांची धास्ती अगदी बरोबर होती. पुढं पीसीआय स्लॉट आल्यावर गणित बदललं. तिथं लाईन दाबून धरलेली राहते, काम होईपर्यंत सुटत नाही, म्हणून इशारा हरवत नाही. वाटून घेणं हे पीसीआयच्या नियमातच बसवलेलं आहे. मग ८२५९ च्या जागी आयओ-एपिक आला, साधारण २४ लाईनींचा. आणि आता पीसीआय एक्सप्रेसवरची बहुतेक उपकरणं एमएसआय पद्धत वापरतात: तार नाही, थेट मेमरीत एक संदेश लिहायचा. तिथं वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

वाटलेल्या लाईनवर नेमकं होतं काय? वाड्याच्या दाराला एकच बेल असावी तसं. बेल वाजली की पहिलं बिऱ्हाड डोकावतं, "आमच्याकडं नाही", मग दुसरं. विंडोज त्या लाईनवरच्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारतं आणि कुणी "माझं" म्हटलं की तिथं थांबतं. लाईन अजून दाबलेलीच असेल तर पुन्हा सुरुवात. लिनक्स त्या लाईनवरच्या सगळ्यांनाच विचारतं. विचारणं म्हणजे ड्रायव्हरनं आपल्या कार्डावरचं एक रजिस्टर वाचणं, आणि त्याला लागतो मायक्रोसेकंदाच्या आसपासचा वेळ. आता हिशोब करा. १००० हर्ट्झचा गेमिंग माऊस सेकंदाला हजार इंटरप्ट देतो. यूएसबी आज सहसा एमएसआयवरच असतं, तरी वाईटात वाईट धरू की ते जुन्या लाईनवर आहे आणि प्रत्येक वेळी आधी दुसऱ्या दोघांना विचारावं लागतं. सेकंदाला दोन मिलिसेकंद गेले. एका कोरचा ०.२ टक्का. तुमचं फोटोशॉप यानं हळू होत नाही, टॅली तर नाहीच.

मग अडवतं कोण? इंटरप्ट आल्यावर ड्रायव्हरचा पहिला तुकडा चालतो तो आयएसआर. तो पटकन संपवून उरलेलं काम डीपीसीच्या, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या, रांगेत टाकायचं असतं. मायक्रोसॉफ्टचा दंडक असा की आयएसआर २५ आणि डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. बरेच ड्रायव्हर हा दंडक पाळत नाहीत. वायफायचा ड्रायव्हर दीड-दोन मिलिसेकंद एका डीपीसीत अडकून बसला की त्या कोरवर त्याच्या मागं उभे असलेले सगळे थांबतात, मग त्यांचा आयआरक्यू वेगळा असो की एकच. हे नीट लक्षात घ्या, कारण "आयआरक्यू वेगळा करून देतो" म्हणणाऱ्यांचं चुकतं ते इथंच. लाईन वेगळी झाली तरी डीपीसीची रांग त्या कोरची तीच राहते.

लेटन्सीमॉन याच रांगेतला उशीर, म्हणजे लेटन्सी, मोजतं. चालवायची पद्धत साधी, पण लोक घाई करतात. आधी पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका, नाहीतर प्रोसेसर झोपेतून उठायला घेतलेला वेळही मोजला जातो आणि उगाच लाल पट्टी दिसते. हिरवं बटण दाबून दहा मिनिटं मशीन रिकामं सोडा. मग रीसेट करून जे काम करताना अडचण येते तेच काम चालवा, तेही दहा-पंधरा मिनिटं. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. रिकाम्या मशीनवर चांगला आकडा आला म्हणून सुटलो असं नाही, कारण दोष दिसतो तो ओझ्याखालीच.

पहिल्या टॅबवर एक वाक्य येतं, मशीन रियल-टाइम ऑडिओला योग्य आहे की नाही. ते वाक्य वाचून बंद करू नका. खरा माल ड्रायव्हर्स टॅबमध्ये आहे. तिथं प्रत्येक ड्रायव्हर फाइलीसमोर आयएसआर किती वेळा, डीपीसी किती वेळा, सर्वांत लांब चाललेला किती आणि एकूण किती, असे रकाने आहेत. सर्वांत लांबच्या रकान्यावर क्लिक करून उतरता क्रम लावा. इथं एक फसगत होते: पहिल्या टॅबवर आकडे मायक्रोसेकंदांत आणि इथं मिलिसेकंदांत. ०.४५ दिसलं म्हणजे ४५० मायक्रोसेकंद, अर्धा मायक्रोसेकंद नव्हे. शून्य-पॉइंट बघून "एवढंसंच आहे की" म्हणणारे बरेच भेटतील.

यादीत वर कोण येतं त्याचाही अर्थ लावावा लागतो. एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एवढं सरळ. पण एनडीआयएस, स्टोरपोर्ट, डब्ल्यूडीएफ०१००० ही नावं वर आली तर गुन्हेगार ती नव्हेत. ती विंडोजची सामायिक घरं आहेत, आत राहणारा दुसराच कुणीतरी असतो. एनडीआयएस म्हणजे लॅन किंवा वायफाय यांपैकी कुणीतरी, स्टोरपोर्ट म्हणजे डिस्कवाला. मग डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक उपकरण डिसेबल करून पुन्हा मोजायचं: आधी वायफाय, मग ब्लूटूथ, मग कार्ड रीडर, मग ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय ऑडिओ. एका वेळी एकच. दोन एकदम बंद केलीत तर कुणामुळं सुधारलं ते कळणार नाही. सॉफ्टवेअरनं हे काम स्वतः करायला हवं होतं, निदान एनडीआयएसच्या खाली कुठलं कार्ड आहे एवढं तरी दाखवायला हवं होतं. दाखवत नाही.

आणि लाईन बघायला वेगळीच खिडकी उघडावी लागते. डिव्हाइस मॅनेजर, व्ह्यू, रिसोर्सेस बाय टाइप, त्यात इंटरप्ट रिक्वेस्ट. ज्यांच्यापुढं उणे आकडे आहेत, उणे दोन, उणे पाच असे, ती एमएसआयवर आहेत, त्यांची चिंता सोडा. अधिक आकड्यांत १६ ते २३ मध्ये दोन-तीन नावं एका आकड्यावर दिसली तर ती खरी वाटलेली लाईन. ५४ पासून पुढं मायक्रोसॉफ्ट एसीपीआयच्या नावाच्या शेकडो ओळी दिसतील. त्या बघून घाबरून फोन करू नका, त्या विंडोजनं राखून ठेवलेल्या जागा आहेत. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये तर या यादीचं शीर्षकच "कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग" असं आहे. भांडण आणि भागीदारी एकाच पाटीखाली टाकल्यावर लोकांचा घोटाळा न झाला तरच नवल.

इथवर वाचून वाटेल, म्हणजे शेअरिंगनं कधीच काही बिघडत नाही. तसं नाही. बिघडतं तेव्हा वेगळ्या तऱ्हेनं बिघडतं. जुनं पीसीआय कार्ड बसवायला काही बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसपासून पीसीआय करणारी ब्रिज चिप असते. ब्रिजनं "लाईन सोडली" हा निरोप पुढं पाठवलाच नाही तर लाईन दाबलेलीच राहते. सगळे ड्रायव्हर "माझं नाही" म्हणतात आणि प्रोसेसर पुन्हा पुन्हा विचारतच बसतो. लिनक्समध्ये एका लाखापैकी ९९,९०० इंटरप्ट बेवारस निघाले की कर्नल ती लाईनच बंद करतं आणि "नोबडी केअर्ड" असा संदेश टाकतं. त्यानंतर त्या लाईनवरची सगळी उपकरणं एकदम मंदावतात. विंडोजवर याची खूण म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये सिस्टम इंटरप्ट्स. रिकाम्या मशीनवर ते साधारण एक टक्क्याच्या आत असावं. काही न करता दहा-पंधरा टक्के दिसत असेल आणि लेटन्सीमॉनमध्ये एखाद्याच ड्रायव्हरचा आयएसआर आकडा धावत असेल, तर मग कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. पीसीआयच्या शेजारच्या स्लॉटांत इंटरप्टच्या पिना फिरवून जोडलेल्या असतात, त्यामुळं स्लॉट बदलला की लाईनही बदलते. बायोसमध्ये न वापरलेला सीरियल पोर्ट, बोर्डावरचं ऑडिओ बंद करणं हा दुसरा उपाय. नवीन बोर्डांच्या बायोसमध्ये आयआरक्यू हातानं वाटायची सोय सहसा सापडत नाही. तिथं शोधत बसू नका.

आता उद्यमबाग आणि मच्छेच्या वर्कशॉपांचा विषय, कारण तिथं आयआरक्यूला सर्वांत जास्त शिव्या बसतात. सीएनसी चालवणाऱ्या जुन्या फॅनुक कंट्रोलरला डेस्कटॉपवरून सीरियल केबलनं प्रोग्राम पाठवायचा, आणि अर्ध्यात ०८७ बफर ओव्हरफ्लो हा अलार्म. सीरियल कार्ड दुसऱ्या कुणाबरोबर लाईन वाटून घेतंय हे दिसलं की निदान ठरलेलंच. पण आकडे बघा. ९६०० बॉड या वेगाला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. सीरियल चिपमध्ये १६ अक्षरांची फिफो (तात्पुरती रांग) असते, १४ भरली की इंटरप्ट येतो. म्हणजे ओसंडायच्या आधी ड्रायव्हरकडं दोन मिलिसेकंद असतात. शेअरिंगचा एक-दोन मायक्रोसेकंदांचा उशीर त्यापुढं काहीच नाही. बॉड १,१५,२०० केला तर तीच सवलत १७० मायक्रोसेकंदांवर येते, आणि तिथं लेटन्सीमॉनमध्ये ४०० दाखवणारा वायफाय ड्रायव्हर खरंच अक्षरं खाऊ शकतो. पण जुन्या कंट्रोलरला एवढा वेग कोण लावतं?

०८७ चं खरं कारण वेगळंच आहे. कंट्रोलरचा बफर भरला की तो "थांबा" असा एक्सऑफ पाठवतो, आणि त्यानंतर दहा अक्षरांपर्यंतच चालवून घेतो. इकडं विंडोजनं पाठवायच्या फिफोत आधीच सोळा अक्षरं भरून ठेवलेली असतात. एक्सऑफ कितीही लवकर कळला तरी चिपमधली सोळा बाहेर पडणारच. उपाय फुकटचा आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स, तुमचा कॉम पोर्ट, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड. तिथं ट्रान्समिट बफरची सरकपट्टी उजवीकडं १६ वर असते, ती पार डावीकडं १ वर आणा. इंटरप्ट वाढतील, ९६०० बॉडला सेकंदाला ९६० पर्यंत, पण प्रोसेसरला ते जाणवतही नाहीत. काही कार्डांचा ड्रायव्हर स्वतःचं वेगळं पान दाखवतो, शब्द थोडे वेगळे असतात, सेटिंग तेच. रिसीव्ह बफरही १४ वरून १ वर आणला की एक्सऑफ लवकर कळतो.

०८५ अलार्म आला तर मात्र फिफोला हात लावू नका. ती पॅरिटी, फ्रेमिंग नाहीतर ओव्हररनची तक्रार. दोन्हीकडचा बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट जुळतात का बघा. जुळत असतील तर केबल बघा. इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलीशेजारून सीरियल केबल नेलेली असेल आणि शील्ड एका टोकालाही अर्थ केलेलं नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर मदत करणार नाही. लेटन्सीमॉन इथं उपयोगी पडतं ते एवढ्यापुरतंच, की आकडे शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांच्या आत दिसले की डेस्कटॉपला सोडून केबलीकडं वळता येतं. हाही फायदाच आहे.

स्टुडिओवाल्यांसाठी मात्र हे सॉफ्टवेअर मनापासून शिफारस करण्यासारखं. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, ६४ म्हणजे १.३. एवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झाला नाही की टक्. लेटन्सीमॉनचा सर्वांत मोठा आकडा १.२ मिलिसेकंद असेल तर ६४ च्या बफरवर रेकॉर्डिंग करायचा हट्ट सोडा, २५६ वर निवांत चालेल. पखवाज, टाळ आणि चार आवाज एकदम घ्यायचे असतील तर घेताना वायफाय बंद, मिक्सिंगला बफर ५१२ किंवा १०२४. आणि आवाज ओळखायला शिका. सुटा, अनियमित टक् हा बफर चुकल्याचा. सतत घूं असा आवाज हा अर्थिंगचा, तो आयआरक्यूनं येत नाही आणि लेटन्सीमॉननं जात नाही. त्यासाठी आधी डेस्कटॉप आणि मिक्सर विजेच्या एकाच बोर्डातून घ्या.

हार्ड पेजफॉल्टचा आकडा लाल झाला तरी डीटीपीवाल्यांनी दुर्लक्ष करावं. डिस्कवरून पानं ओढली जाणं हे मोठी फाइल उघडताना होणारच. लग्नसराईत पत्रिका छापताना मशीन हळू वाटत असेल तर रॅम आणि एसएसडी बघा, इंटरप्टच्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही साउंड कार्ड किंवा ग्राफिक्स कार्ड अधिक आकड्यावर आणि संशयास्पद शेजाऱ्याबरोबर दिसत असेल तर एमएसआय चालू करून बघता येतं. हे सॉफ्टवेअर ते करत नाही, रजिस्ट्रीत करावं लागतं. उपकरणाच्या डिटेल्स टॅबमधून डिव्हाइस इन्स्टन्स पाथ घ्या. रजिस्ट्रीत करंटकंट्रोलसेट, एनम, पीसीआय असं खाली येत तोच पाथ गाठा, आत डिव्हाइस पॅरामीटर्स, त्यात इंटरप्ट मॅनेजमेंट, त्यात मेसेजसिग्नल्डइंटरप्टप्रॉपर्टीज. तिथं एमएसआयसपोर्टेड नावाचा डीवर्ड १ करा आणि रीस्टार्ट. जमलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आकडा उणे झालेला दिसेल. कार्डाला ही सोय मुळात आहे का ते आधी बघायचं असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून रूट म्हणून एलएसपीसीआय चालवा, तपशिलात एमएसआय ही क्षमता लिहिलेली असते.

सावधान, डिस्क कंट्रोलरवर हा प्रयोग करू नका. ड्रायव्हरला एमएसआय झेपत नसेल तर विंडोज चालूच होत नाही, मग रिकव्हरीतून रजिस्ट्री परत फिरवत बसा. रीस्टोर पॉइंट आधी घ्या. ड्रायव्हर अपडेट झाला की हे सेटिंग बऱ्याचदा पुसलं जातं, तेव्हा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकल्यावर आकडा पुन्हा उणे आहे का तेवढं तपासा.

लेटन्सीमॉनची आणखी एक मर्यादा सांगायला हवी. बोर्डाचा फर्मवेअर प्रोसेसरला एसएमआय या स्वतःच्या खास इंटरप्टनं हिसकावून घेतो तेव्हा विंडोजला काही कळत नाही, त्यामुळं या सॉफ्टवेअरलाही कुणाचं नाव देता येत नाही. लेटन्सी मोठी दिसते पण ड्रायव्हर्स टॅबमध्ये सगळे निर्दोष, असं दिसलं तर बायोस अपडेट आणि प्रोसेसर थ्रॉटलिंग बंद करणं या दोनच गोष्टी हातात उरतात. लाकडाच्या दारांवर नक्षी काढणारं राउटर लिनक्ससीएनसीवर, पॅरलल पोर्टवरून चालवत असाल तर हे सॉफ्टवेअर तुमच्या कामाचंच नाही. तिथं लिनक्ससीएनसीबरोबर येणारा लेटन्सी-टेस्ट चालवा, मशीनवर भरपूर ओझं टाकून. १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत जिटर (वेळेतली चुकामूक) आला तर स्टेपर मोटरा छान फिरतील, ३० ते ५० पर्यंत चालवून घेता येतं, शंभरच्या वर गेला तर तो डेस्कटॉप बिलिंगला लावा आणि राउटरला दुसरा शोधा.